भाड्याचं घर आणि रोजचा कचरा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात विचारलं होतं की भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहताना कचरा, पाणी, वीज याबाबत काही करावंसं वाटतं पण घर आपलं नाही म्हणून कुठे अडतं, तर इतकी पत्रं आली की सगळी या अंकात बसणार नाहीत. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले सहा निवडलेत. मी स्वतः एकोणीस वर्षांत सहा भाड्याची घरं बदललीत, त्यामुळे तुमची अडचण मला पुस्तकातून समजून घ्यावी लागत नाही. मी एकच गोष्ट बघते, जे काही करायचं ते घर सोडताना आपल्याबरोबर टेम्पोत चढलं पाहिजे आणि मालकाच्या भिंतीला भोक पडता कामा नये. एवढं सांभाळून खूप काही करता येतं.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. घरी खत करायची खूप इच्छा आहे पण मालकांनी आधीच सांगितलंय की वास, किडे, गळती काहीही चालणार नाही, डिपॉझिटमधून कापून घेईन. बाल्कनी म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढीच. जमेल का?

उत्तर: जमेल. पण मालकांची भीती खोटी नाहीये, कारण या तिन्ही गोष्टी होतात, आणि होतात त्या आपण घाई केल्यामुळे. माझ्याकडून पहिल्या वर्षी झालंय. बादलीला खाली भोकं पाडली आणि खाली ताटली ठेवायचीच राहिली, मग तिसऱ्या दिवशी ते तपकिरी पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर ठिबकलं. चादर मी धुवून दिली पण डाग पूर्ण गेला नाही आणि त्यांचं मन सांभाळायला मला पुढचे सहा महिने लागले. म्हणून सुरुवातच ताटलीपासून करा.

वीस लिटरच्या झाकणाच्या दोन बादल्या घ्या, रंगाच्या रिकाम्या बादल्या हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात, फक्त आतून नीट घासून घ्या. बाजूला चारी अंगांनी पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा आणि तळाला पाच-सहा. खाली खोलगट परात ठेवा आणि बादली परातीत दोन विटांच्या तुकड्यांवर ठेवा म्हणजे तळालाही हवा लागते. आत आधी नारळाच्या शेंड्यांचा तीन-चार बोटं जाड थर. मग रोजचा ओला कचरा, भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, सगळं बारीक चिरून, आणि त्याच्यावर तेवढाच, हो तेवढाच, वाळलेला पाला किंवा कोकोपीट. लोक इथेच चुकतात, ओला कचरा ओंजळभर आणि पाला चिमूटभर घालतात आणि मग वास आला की म्हणतात खत आपल्याला जमत नाही. वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे, ओलं ओल्यावर बसलं की आत हवा जात नाही आणि ते कुजण्याऐवजी सडायला लागतं. दोन-तीन दिवसांनी एकदा खालीवर करा. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं.

ओल किती असावी हे बघायचं तर मूठभर मिश्रण हातात घेऊन घट्ट दाबा. बोटांमधून पाणी गळलं तर पाला घाला, मूठ उघडल्यावर सगळं भुरभुर सांडलं तर थोडं पाणी शिंपडा, आणि लाडवासारखं धरून राहिलं तर काही करू नका, झाकण लावा. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, ती काम करतेय. चिलटं आली तर वरचा पाल्याचा थर जाड करा आणि झाकणाखाली जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधा. जाड करड्या अळ्या दिसल्या तर बरेच जण घाबरून सगळं फेकून देतात, कृपा करून तसं करू नका, त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत, घरात शिरून अन्नावर बसत नाहीत आणि कचरा फार झपाट्याने खातात. नको वाटत असतील तर बादलीतली ओल कमी करा.

मटण-माशांची हाडं, दूध, तेलकट उरलेली भाजी हे बाल्कनीतल्या बादलीत घालू नका. करवंटी आणि आंब्याची कोय लवकर कुजत नाही. लिंबाच्या साली थोड्याच. दोघांच्या घरात एक बादली साधारण महिन्याभरात भरते, मग ती झाकून बाजूला ठेवायची आणि दुसरी सुरू करायची, दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं खत बऱ्यापैकी तयार झालेलं असतं. तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, तो एकदा आला ना की मग कुणी सांगावं लागत नाही.

पाला विकत घेऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतली झाडं पानं गाळतात, झाडणाऱ्या मावशी त्याचे ढीग करतात आणि कुणीतरी ते पेटवून देतं. त्याआधी दोन गोण्या भरून घ्या, वर्षभर पुरतात. पुण्यात तर 'ब्राऊन लीफ' नावाचा उपक्रमच आहे, ज्यांच्याकडे पाला आहे ते आणि ज्यांना हवाय ते यांची गाठ घालून देणारा. आणि मालकांपासून लपवू नका. परात दाखवा, म्हणा एक महिना बघा, वास आला तर मी स्वतः बंद करते. माझ्या सहातल्या पाच मालकांनी यावर हो म्हटलंय.

प्रश्न: आम्ही ओला-सुका वेगळा करतो पण खाली गेल्यावर सगळं एकाच ड्रममध्ये पडताना डोळ्यांनी बघितलंय. मग कशाला करायचं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाडेकरूंचं कुणी ऐकतही नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: तुमचा राग मला पटतो. कचरा वेगळा करणं 2016 च्या घनकचरा नियमांपासून प्रत्येक घराला बंधनकारक आहे, आणि घराने ते करायचं आणि खाली ते एकत्र व्हायचं हे फार मन मोडणारं असतं. तरी वेगळं करणं सोडू नका असं मी म्हणेन आणि का ते सांगते.

ज्या हातात तुमची पिशवी जाते ते हात आधी बघा. एका घरी असताना मी सकाळी पार्किंगमध्ये थांबून बघितलं, कचरा घ्यायला येणाऱ्या ताई खाली बसून एकेक पिशवी फोडत होत्या आणि वरणभातात लडबडलेल्या कागदातून दुधाच्या पिशव्या ओढून काढत होत्या, कारण त्या विकल्या जातात आणि कागद ओला झाला की त्याला कुणी विचारत नाही. एका पिशवीत फुटलेला ग्लास होता, तो बोटात गेला. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पुढची पिशवी घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरून काच निघाली की ती जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर मार्करने मोठ्या अक्षरात 'काच' लिहून हातात दिली जाते. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे ते पुडकं न उघडताच बाजूला ठेवता येतं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची पद्धत लोकांना शिकवली. या संस्थेच्या मागे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, ती 1993 मध्ये उभी राहिली, म्हणजे या बायकांनी आपल्या कामाला काम म्हणून मान मिळावा यासाठी किती वर्षं झगडा केलाय बघा. आपण वेगळं केलेलं खाली मिसळलं गेलं तरी निदान आपल्या पिशवीतून कुणाचं बोट कापणार नाही.

आता मिसळू नये म्हणून काय करता येईल. सुका कचरा रोज खाली देऊच नका. तो कुजत नाही, वास येत नाही, आठवड्याचा एका गोणीत साठवा आणि थेट कचरावाल्या ताईंच्या हातात किंवा भंगारवाल्याला द्या, मग ड्रमचा प्रश्नच येत नाही. ओला घरीच जिरवलात तर ड्रममध्ये जायला फार काही उरतच नाही. मीटिंगमध्ये बोलता आलं नाही तर तुमच्या मजल्यावरच्या तीन घरांशी बोला, त्यात एखादं मालकाचं घर असतंच, त्यांना बोलू द्या.

आणि तो ड्रम शेवटी कुठे जातो तेही डोळ्यासमोर ठेवा. देवनारचं डम्पिंग 1927 पासून आहे, 2016 च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर मुंबईभर पसरला होता, आणि त्याच्या कडेने वस्ती आहे, लहान मुलं आहेत. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी-फुरसुंगीच्या लोकांनी सोसला, त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं, आंदोलनं झाली. ओला कचरा प्लॅस्टिकमध्ये बांधून ढिगाऱ्यात गेला की हवेशिवाय सडतो आणि मिथेन तयार होतो, तो वायू पेट घेतो. उलट आपल्याच कोकणात वेंगुर्ल्याला नगरपरिषदेने कचरा वेगळा घ्यायला लागून डम्पिंगच्या जागेचं असं काही रूप पालटलं की लोक ती जागा बघायला जातात. म्हणजे होऊ शकतं.

प्रश्न: भंगारवाला नेमकं काय घेतो? दुधाच्या पिशव्या, ज्यूसचे खोके, पार्सलचे बॉक्स, चिप्सची पाकिटं, सगळं साठवून घरात जागा उरली नाही. (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर: सगळं साठवू नका ना. दुधाची पिशवी ठेवा, ती चांगल्या प्रतीच्या पॉलिथिनची असते आणि तिला मागणी असते. कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धवट कापा, म्हणजे तो टिचभर तुकडा पिशवीलाच लटकून राहतो, कारण तुटलेला तुकडा सिंकमधून गटारात जातो आणि तो कुणीच उचलू शकत नाही. रिकामी पिशवी तांदूळ धुतलेल्या पाण्यात खळबळायची आणि ओट्यामागच्या टाइलवर तशीच ओली चिकटवून द्यायची, सकाळपर्यंत सुकून आपोआप खाली पडते. महिनाभराच्या पिशव्या एकावर एक ठेवल्या तर वहीएवढी गठ्ठी होते, जागा कसली लागतेय.

पार्सलचे खोके चिकटपट्टी काढून चपटे करून कपाटामागे उभे ठेवा. पाण्याच्या, शाम्पूच्या, तेलाच्या बाटल्या, डबे हे सगळं भंगारात जातं, तळाला त्रिकोणात 1, 2 किंवा 5 आकडा असेल तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. ज्यूसच्या खोक्यात कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करायला खास कारखाना लागतो म्हणून गल्लीतला भंगारवाला ते घेत नाही, काही शहरांत संकलन केंद्रं आहेत, जवळ असेल तर धुवून चपटे करून द्या. चिप्सचं, बिस्किटाचं आतून चकचकीत पाकीट मात्र जवळजवळ कुणालाच नको असतं, आणि तिथे मला एकच उपाय दिसतो, कमी आणा. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याकडे स्टीलचा डबा घेऊन गेलात तर तो आनंदाने त्यात वजन करून देतो, मी आधी रिकाम्या डब्याचं वजन करून घ्यायला सांगते. दुकानाच्या बिलाचा तो गुळगुळीत कागद रद्दीत घालू नका, त्यावर रसायनाचा थर असतो.

प्रश्न: आम्ही चार मित्र हिंजवडीत राहतो, सगळे आयटीत, रोज बाहेरून जेवण येतं आणि रविवारी बघावं तर काळ्या डब्यांचा डोंगर. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: चौघांनी मिळून एक पोळीभाजीचा डबा लावा, स्टीलचा, जो रोज परत जातो. तुमच्या भागात घरगुती डबे देणाऱ्या भरपूर बायका आहेत, पैसेही वाचतील आणि पोटही. ज्या दिवशी मागवाल त्या दिवशी चमचे-टिश्यू नको असा पर्याय निवडा. काळे-पांढरे डबे जेवून झाल्या झाल्या धुवा, वाळल्यावर तूप खरवडावं लागतं आणि मग कुणीच धूत नाही. धुतलेले डबे एकात एक बसतात आणि भंगारात जातात. आणखी एक, बेडरूममधल्या चारही कचऱ्याच्या बादल्या काढून टाका आणि स्वयंपाकघरात फक्त दोन ठेवा. उठून जायला लागलं की माणूस हातातली वस्तू बघतो.

प्रश्न: वीज आणि पाणी वाचवायला भाडेकरू काय करू शकतो? सोलर वगैरे तर आपल्या हातात नाही. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: पंखा बदला आणि जाताना घेऊन जा. जुना पंखा साधारण 75 वॉट खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा-एक युनिट वाचतात, आणि महावितरणच्या बिलात 100 युनिटच्या वर गेलं की दर एकदम चढतो, त्यामुळे काठावरच्या घराला हा फरक चांगलाच जाणवतो. मालकाचा जुना पंखा कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि स्क्रू एका पिशवीत घालून त्यालाच बांधा, नाहीतर सोडायच्या दिवशी शोधाशोध होते. इलेक्ट्रिशियनकडूनच काम करून घ्या.

नळाला एरेटर बसवा, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारी ती छोटी जाळी. बसवण्याआधी लिटरचं भांडं नळाखाली धरून किती सेकंदांत भरतं ते मोजा, नंतर परत मोजा, फरक बघून घरातली मुलंसुद्धा नळ बारीक करायला लागतात. पाना लावताना मधे कापड ठेवा, नळाला ओरखडा पडत नाही. आरओ असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर पडतं, ती नळी बादलीत सोडा, फरशी, संडास यासाठी छान चालतं, कुंड्यांना रोज घालू नका कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. आणि आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात किती क्षार विरघळलेत ते तपासून घ्या, पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतो असं भारतीय मानक सांगतं. धरणाचं पाणी येत असेल तर तो बहुतेक वेळा याच्या खूप खाली असतो आणि मग आरओची गरजच नसते, साधा यूव्ही फिल्टर पुरतो. टँकर किंवा बोअरवेल असेल तर गोष्ट वेगळी. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र कुंड्यांना द्यायला हरकत नाही.

प्रश्न: अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपतंय, पुढच्या महिन्यात घर बदलायचंय. दरवेळी शिफ्टिंगला इतकं सामान फेकलं जातं की नंतर वाईट वाटत राहतं. (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: शेवटच्या आठवड्यावर ढकललं की फेकलं जातंच, तेव्हा थकवा इतका असतो की गादीपासून ग्लासापर्यंत सगळं खाली नेऊन ठेवावंसं वाटतं. म्हणून चार आठवडे आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात फक्त कपडे. घालण्यासारखे धुवून, बटणं लावून द्या, तुटक्या चेनचे कपडे दुसऱ्याला देणं बरं नाही. सुती साड्या आणि धोतरं ठेवा, गावाकडे कुणी गोधडी शिवणारं असेल तर चार साड्यांत एक उबदार गोधडी होते, आणि काचेची भांडी बांधायलाही याच साड्या वापरा, बबल रॅप आणावाच लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात तारा, चार्जर, मेलेला मिक्सर, जुना मोबाईल. हे ई-वेस्ट आहे, भंगारवाल्याला दिलं तर कुठेतरी उघड्यावर तार जाळून तांबं काढलं जातं, म्हणून अधिकृत संकलन केंद्रात किंवा सोसायटीत कधी ड्राइव्ह असेल तिथे द्या. ट्यूबलाइट आणि जुने सीएफएल यात पारा असतो, न फोडता मूळ खोक्यात घालून वेगळे द्या, आणि फुटलाच तर खिडक्या उघडून थोडा वेळ बाहेर जा, मग पुठ्ठ्याने गोळा करा, झाडू फिरवू नका. तारीख उलटून गेलेली औषधं बेसिनमध्ये ओतू नका, तीही वेगळीच द्यायची.

फर्निचर नवीन भाडेकरूला विचारा, मालकांकडून नंबर घ्या. मी मागच्या घरी कपड्यांची रॅक आणि पडदे पुढच्या कुटुंबालाच दिले, त्यांचा खर्च वाचला आणि माझा टेम्पो छोटा झाला.

राहिली खताची बादली. तयार झालेलं खत पिशवीत भरून बरोबर घ्या. अर्धवट झालेली बादली मात्र टेम्पोत हिंदकळते आणि सांडते, म्हणून निघायच्या वीस-पंचवीस दिवस आधीपासून तिच्यात नवीन कचरा घालायचा बंद करा, पाला जास्त घालून कोरडी करा, आणि वॉचमन काकांना विचारून सोसायटीतल्या एखाद्या झाडाच्या बुंध्यापासून हातभर लांब आळं करून त्यात मातीखाली रिकामी करा. मग बादली धुवून उन्हात ठेवा, वाळली की नव्या घरची पहिली वस्तू म्हणून भांडी तिच्यातच भरून न्या.